यंत्र म्हणतं अटॅक येऊन गेलाय, डॉक्टर म्हणतात काही नाही : ईसीजी आणि एआयबद्दल जाणकारांना विचारायचंय

रेघोट्या

आईचं (वय ६७) गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधीच्या तपासण्यांत ईसीजी काढला. कागदाच्या वरच्या बाजूला यंत्रानेच छापून दिलं होतं : 'पॉसिबल अँटिरिअर इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड', आणि खाली 'अबनॉर्मल ईसीजी'. म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीला कधीतरी अटॅक येऊन गेला असावा, केव्हा ते सांगता येत नाही. आईला आजवर छातीत दुखलेलं नाही. शुगर नाही. बीपीची एक गोळी चालू आहे, बस.

फिजिशियननी कागद उजेडाकडे धरून जेमतेम अर्धा मिनिट पाहिला, त्या ओळीवर पेनाने काट मारली आणि शेजारी 'डब्ल्यूएनएल' लिहिलं. विचारलं तर म्हणाले, 'मर्यादेत आहे सगळं.' तरी भूलतज्ज्ञांच्या समाधानासाठी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या म्हणाले. ती पुढच्या आठवड्यात आहे.

घरी आल्यावर मी त्या कागदाचा फोटो मोबाइलमधल्या एआय चॅटबॉटला दिला. त्याने पानभर लिहून दिलं : पुढच्या भिंतीला पूर्वी इजा झाल्याची चिन्हं आहेत, व्ही१ ते व्ही३मध्ये आर लाटा खुरटलेल्या आहेत, हृदयरोगतज्ज्ञांना तातडीने भेटा, ऑपरेशन लांबणीवर टाकण्याचा विचार करा. भाषा इतकी ठाम, की ते वाचल्यापासून आईची झोप उडाली आहे.

आता यंत्र आणि एआय एका बाजूला, डॉक्टर दुसऱ्या बाजूला. धाकटा भाऊ म्हणतो, एआय हृदयरोगतज्ज्ञांपेक्षा अचूक झालंय, बातम्यांत येतंच की. माणसाने अर्ध्या मिनिटात असं काय पाहिलं असणार? माझं काम हिशेबाचं, मला आलेखातलं ओ की ठो कळत नाही. हृदयाच्या तपासण्या वाचण्यात एआय खरंच कुठवर पोचलंय, आणि अशा वेळी कोणाचं खरं मानायचं? या क्षेत्रातल्या कोणी सांगितलं तर बरं होईल.

कागदी_होडी

डॉक्टर बदला नाहीतर चॅटबॉट बदला, पण इथे फोरमवर निदान मागू नका. इकोपर्यंत थांबा. आईंना तो मोबाइल देऊ नका.

लीड_टू

मी कार्डिओलॉजीत टेक्निशियन आहे. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, होल्टर (दिवसभर लावून ठेवायचा ईसीजी) हे रोजचं काम, इकोलाही मदतीला असते. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या आईंना काय आहे आणि काय नाही हे मी सांगणार नाही. पण ती ओळ कागदावर कशी उमटते ते सांगू शकते, कारण ती रोज माझ्यासमोर उमटते.

आधी एक गल्लत दूर करू. बातम्यांत ज्या एआयबद्दल येतं ते वेगळं आणि बहुतेक ईसीजी यंत्रं छापतात ती ओळ वेगळी. आइंथोव्हेन यांनी १९०३ साली आपल्या तारेच्या गॅल्व्हानोमीटरने काढलेले हृदयाचे आलेख प्रसिद्ध केले, त्यावर १९२४ सालचं नोबेल मिळालं. संगणकाला हे आलेख वाचायला लावायचे प्रयोग १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि १९८०च्या दशकात असे प्रोग्राम थेट यंत्राच्या पोटात आले. ते नियमांवर चालतात. लाटांची उंची मोजायची, रुंदी मोजायची, आणि अमुक आकडा तमुकपेक्षा कमी असेल तर अमुक वाक्य छापायचं. तुमच्या आईंच्या ओळीमागचा नियम साधारण असा असतो : व्ही१, व्ही२ वगैरे म्हणजे छातीवर पट्ट्या चिकटवायच्या जागा, आर लाट म्हणजे आलेखातलं वर जाणारं टोक. व्ही१पासून व्ही४कडे जाताना ही आर लाट वाढत जायला हवी. व्ही३पर्यंत येऊनही ती ३ मिलिमीटरच्या वर गेली नाही, तर पुढच्या भिंतीचा स्नायू मेला असेल अशी शंका घ्यायची.

शंका योग्य आहे. पण आर लाट खुरटी राहायला अटॅक एवढं एकच कारण नाही. शरीर स्थूल असेल, फुप्फुसं फुगलेली असतील, डावा कप्पा जाड झाला असेल, तर ती खुरटी दिसते. स्त्रियांमध्ये स्तनांमुळे व्ही३-व्ही४ नक्की कुठे लावायचे यातच फरक पडतो. आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे आम्ही टेक्निशियन. व्ही१ आणि व्ही२ची जागा चौथ्या बरगडीफटीत, छातीच्या मधल्या हाडाला लागून दोन बाजूंना. घाईत ते दुसऱ्या-तिसऱ्या फटीत लावले जातात, कारण फटी मोजायला वेळ लागतो आणि बाईमाणसाला अवघडायला होईल म्हणून कपडे पुरेसे बाजूला केले जात नाहीत. इलेक्ट्रोड वर सरकला की आर आखूड होते आणि यंत्र बिचारं प्रामाणिकपणे 'पॉसिबल इन्फार्क्ट' छापून मोकळं होतं. त्याला काय माहीत पट्टी कुठे चिकटवली आहे! ही ओळ मी इतक्या धडधाकट बायकांच्या कागदावर पाहिली आहे, की ती दिसली की आधी मी कागदाकडे बघत नाही, छातीकडे बघते.

अशा गमती आणखीही आहेत. उजव्या-डाव्या हाताच्या वायरी उलट लागल्या की लीड वन (लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एक दिशा, पूर्ण ईसीजीत अशा १२ असतात) पूर्ण उलटी होते आणि कागदावर भलतंच काही छापून येतं. पेशंटला कंपवात असेल किंवा एसीने हुडहुडी भरली असेल, तर बेसलाइन थरथरते आणि यंत्राला त्यात एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, दिसतं. (म्हणून 'हात सैल सोडा, बोलू नका' असं आम्ही सांगतो. लोकांना वाटतं खेकसतोय.) याउलट पीआर, क्यूआरएस, क्यूटी हे कालावधी मोजण्यात यंत्र पक्कं असतं, माझ्या डोळ्यांपेक्षा बरं.

तुमच्या डॉक्टरांच्या अर्ध्या मिनिटाबद्दल. सरावलेल्या माणसाला एवढा वेळ पुरतो. जुन्या अटॅकचा संशय असेल तर क्यू लाटा आहेत का, टी लाटा उलट्या आहेत का, एसटीचा भाग कसा आहे, हे सगळं एका नजरेत येतं. शिवाय त्यांच्याकडे यंत्राकडे नसलेली माहिती होती : समोर बसलेली बाई, तिचं वय, तिची एक गोळी, छातीत कधीही न दुखणं. आणि तरीही त्यांनी इको सांगितली. इकोत पुढची भिंत हलताना प्रत्यक्ष दिसते, म्हणजे प्रश्न नीट सोडवायचा रस्ता त्यांनी धरलाच आहे.

आता तुमचा चॅटबॉट. एक करून बघा. कागदावरची छापील ओळ आणि आईंचं नाव झाकून तोच फोटो पुन्हा द्या, नवीन संभाषण उघडून. माझा अंदाज असा, की त्याने आलेख वाचण्याऐवजी ओळ वाचली आणि तीच फुलवून सांगितली. तसं असेल तर यंत्र आणि एआय हे तुमचे दोन साक्षीदार नव्हेत, एकच साक्षीदार दोनदा बोलला आहे.

रेघोट्या

ताई, सविस्तर उत्तराबद्दल खूप आभार. ओळ झाकून फोटो दिला. आता म्हणतं, 'साधारणपणे नॉर्मल, नियमित ताल, तरी एसटी भागात किंचित बदल नाकारता येत नाही.' इन्फार्क्टचं नावसुद्धा नाही! तासाभराने तोच फोटो पुन्हा दिला तर लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातल्या डाव्या विद्युतमार्गात अडथळा) निघाला. भावाला दाखवलं, तो म्हणतो, 'हे फुकटातलं आहे, खरं एआय वेगळं असतं.'

शून्यखूण

भावाचं म्हणणं अगदीच चूक नाही. मी डेटाच्या क्षेत्रात आहे, वैद्यकातला नाही, पण हे शोधनिबंध आवडीने वाचतो.

चॅटबॉट हे भाषेवर घडवलेलं मॉडेल आहे. फोटोतून तो काहीतरी उचलतो आणि वाक्यं छान जुळवतो. ईसीजीसाठी खास घडवलेली मॉडेल्स फोटो बघतच नाहीत (काही बघतात, पण मुख्य काम संकेतावर झालंय). डिजिटल ईसीजीत सेकंदाला ५०० नोंदी, १० सेकंद, १२ लीड, म्हणजे एका ईसीजीचे ६०,००० आकडे. छापील कागदावर नेहमीच्या मांडणीत प्रत्येक लीडचे फक्त अडीच सेकंद दिसतात, खालची लांब पट्टी सोडली तर. त्यात कागदाच्या घड्या, सावली, तिरका कोन. फोटो देता तेव्हा मूळ माहितीतली बरीच आधीच गळलेली असते.

या आकड्यांवर न्यूरल नेटवर्क शिकवतात. त्याला 'आर लाट ३ मिलिमीटर' वगैरे नियम कोणी सांगत नाही. लाखो ईसीजी द्यायचे, प्रत्येकासोबत खरं उत्तर द्यायचं, उदाहरणार्थ त्याच पेशंटच्या इकोतून आलेलं, आणि खुणा त्याच्या त्याने शोधायच्या. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१९मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये असं मॉडेल प्रसिद्ध केलं. जवळपास ४५ हजार रुग्णांवर शिकवलं आणि ५२,८७० वेगळ्या रुग्णांवर तपासलं. हृदयाची पंप करण्याची ताकद, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, ३५ टक्के किंवा त्याखाली आहे का हे ते नुसत्या ईसीजीवरून सांगतं. कागद बघून कोणताही डॉक्टर हे खात्रीने सांगू शकत नाही. गंमत म्हणजे ज्यांच्या बाबतीत मॉडेलने उगीच संशय घेतला असं वाटलं, इको चांगली होती, त्यांच्यात पुढच्या वर्षांत पंप कमजोर होण्याचा धोका इतरांच्या चौपट निघाला.

त्याच गटाने त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं, की ताल नियमित असतानाच्या ईसीजीवरूनही त्या माणसाला अधूनमधून एट्रिअल फिब्रिलेशन होतं का याचा सुगावा लागतो. १,८०,९२२ रुग्णांचे साडेसहा लाखांच्या आसपास ईसीजी होते त्यात. मॉडेलला ईसीजीवरून बाई की पुरुष हेही बहुतेक वेळा ओळखता येतं, वय सरासरी ७ वर्षांच्या फरकाने सांगता येतं. शंभर वर्षं माणसं हेच आलेख बघत आली, कोणाला दिसलं नव्हतं.

भावाने वाचलेली बातमी बहुधा स्टॅनफर्डच्या २०१९च्या निबंधाची असावी. ५३,५४९ जणांच्या ९१,२३२ नोंदींवर शिकवलेलं मॉडेल तालाचे १२ प्रकार ओळखण्यात सरासरी हृदयरोगतज्ज्ञाच्या पुढे गेलं होतं. तेव्हा टेक्निशियन ताईंना पूर्ण मान देऊन म्हणतो, 'डॉक्टरांकडे सोपवा' हे उत्तर आणखी फार वर्षं पुरणार नाही.

लीड_टू

शून्यखूण, तुमचे आकडे बरोबर आहेत, भांडण आकड्यांशी नाही. स्टॅनफर्डचं ते काम छातीवर चिकटवायच्या एका लीडच्या पॅचवरचं होतं आणि प्रश्न फक्त तालाचा होता. अटॅक येऊन गेला का, झडप खराब आहे का, हे त्यात नव्हतंच. बातमीत मात्र 'एआयने हृदयरोगतज्ज्ञांना हरवलं' एवढंच उरतं.

आता मेयोचं मॉडेल घेऊ, कारण मला ते खरोखर आवडतं. ज्यांचा पंप कमजोर आहे त्यांच्यातल्या १००पैकी ८६ जणांना ते पकडतं आणि ज्यांचा चांगला आहे त्यांच्यातल्या १००पैकी ८६ जणांना बरोबर सोडून देतं. ऐकायला उत्तम. पण रेघोट्या, तुम्ही हिशेबातले आहात, तर हे तुम्हीच करून बघा. समजा कसलीही तक्रार नसलेली १००० माणसं आहेत आणि त्यांतल्या २० जणांचा पंप खरोखर कमजोर आहे. मॉडेल त्यातले १७ पकडेल, ३ सुटतील. उरलेल्या ९८० निरोगी लोकांतल्या १४ टक्क्यांना, म्हणजे १३७ जणांना, ते उगीच बोट लावेल. एकूण १५४ जणांच्या हाती 'संशय आहे' असा निरोप पडेल आणि त्यातल्या १७ जणांचाच तो खरा असेल. नवातला एक. आता हेच मॉडेल दम लागून, पाय सुजून आलेल्या लोकांवर लावा, जिथे १०००पैकी ३०० जणांचा पंप कमजोर आहे. तिथे ते ३५६ जणांना बोट लावेल आणि त्यातले २५८ खरे निघतील. मॉडेल तेच, अचूकता तीच, पण एका ठिकाणी निरोपाला फारसा अर्थ नाही आणि दुसऱ्या ठिकाणी लगेच इको करायला हवी. चॅटबॉटला हे ठाऊक नसतं आणि छापील ओळीलाही नसतं. तक्रार नसलेली ६७ वर्षांची बाई ही पहिल्या गटातली आहे, हे अर्ध्या मिनिटात काट मारणाऱ्या डॉक्टरांना माहीत होतं.

आणि ते चौपट धोक्याचं. खरं आहे, पण मुळात छोट्या असलेल्या धोक्याची चौपट. त्यासाठी माणसाला काही वर्षांनी पुन्हा इकोला बोलवायचं असतं, घाबरवायचं नसतं.

एआयचा खरा उपयोग होतो का, हे अचूकतेच्या आकड्यांवरून कळत नाही. अर्ध्या डॉक्टरांना ते द्यायचं, अर्ध्यांना नाही, आणि मग रुग्णांचं काय झालं ते बघायचं. मेयोनेच हे केलं, २०२१मध्ये 'ईगल' नावाने निकाल आले. प्राथमिक उपचारांच्या १२० गटांतले २२,६४१ रुग्ण. एआयचा निरोप मिळणाऱ्या बाजूला ९० दिवसांत २.१ टक्के रुग्णांत कमजोर पंप सापडला, दुसऱ्या बाजूला १.६ टक्क्यांत. म्हणजे हजारामागे ५ जास्त. कमी वाटतं ना? मला नाही वाटत. ते ५ जण एरवी दम लागून रात्री इमर्जन्सीत आले असते. पण याच अभ्यासात एआयने संशय दाखवलेल्या लोकांतल्याही जेमतेम निम्म्यांचीच इको झाली. निरोप आला आणि तसाच पडून राहिला. मॉडेल कितीही हुशार असो, पुढचं पाऊल माणसानेच उचलायचं असतं.

तैवानचा २०२४चा अभ्यास तर याहून पुढचा आहे. इस्पितळातल्या १५,९६५ रुग्णांपैकी साधारण अर्ध्यांच्या गटात, ईसीजीवरून धोका जास्त दिसला तर एआयने 'या रुग्णाला धोका जास्त' असा इशारा डॉक्टरांना पाठवला. त्या गटात ९० दिवसांतले मृत्यू ३.६ टक्के, इशाऱ्याची सोय नसलेल्या गटात ४.३. एक इशारा, तो वेळेवर पोचणं आणि त्यावर कोणीतरी उठून पेशंटकडे जाणं, एवढ्याने हा फरक पडला. अशी बातमी आली की मी ती विभागात सगळ्यांना पाठवते.

एक गोष्ट माझ्याच धंद्याविरुद्ध सांगते. इकोत इजेक्शन फ्रॅक्शनचं पहिलं माप कोणी काढायचं, एआयने की सोनोग्राफरने, यावर अमेरिकेतल्या सीडार्स-सायनाय इस्पितळात ३,४९५ इकोंचा आंधळा अभ्यास झाला, २०२३ला 'नेचर'मध्ये आला. माप कोणी काढलंय हे हृदयरोगतज्ज्ञांना माहीत नव्हतं. एआयची १६.८ टक्के मापं त्यांनी ठळकपणे बदलली, सोनोग्राफरची २७.२ टक्के. इथे एआय सरळ जिंकलं. मान्य. कडा आखून आकार मोजणं हे मोजमापाचं काम आहे, आणि तेच काम एकाच पद्धतीने न कंटाळता करणं माणसाला जमत नाही. शेवटी सही मात्र तज्ज्ञांचीच झाली, हेही लक्षात घ्या.

शून्यखूण

हिशेब पटला. एक भर घालतो, कारण ती माझ्या बाजूची आहे. मॉडेल काय बघून उत्तर देतंय हे घडवणाऱ्यालाही नेहमी कळत नाही. एक्स-रेवरून छातीत हवा शिरल्याचं ओळखणारी काही मॉडेल्स प्रत्यक्षात उपचारासाठी आधीच घातलेली नळी बघून 'ओळखत' होती. नळी नसलेल्या, म्हणजे ज्यांना निदानाची खरी गरज होती त्या रुग्णांमध्ये ती कमी पडली. ईसीजीतही यंत्र कोणत्या कंपनीचं, फिल्टरचं सेटिंग, कोणत्या वॉर्डात काढलाय, अशा गोष्टींवरून मॉडेल शॉर्टकट मारू शकतं. म्हणून एका इस्पितळात शिकलेलं मॉडेल दुसरीकडे तपासल्याशिवाय वापरू नये.

लीड_टू

फिल्टरचं बरोबर बोललात. थरथर घालवायला लोक ४० हर्ट्झचा फिल्टर लावून ठेवतात, आलेख गुळगुळीत दिसतो आणि बारीक खाचा पुसल्या जातात. बेसलाइन स्थिर करणारा फिल्टर जास्त लावला तर एसटीचा भागच बदलू शकतो. कागदाच्या तळाशी हे आकडे बारीक अक्षरात छापलेले असतात, कोणी वाचत नाही.

दुपारची_झोप

नुसता धागा वाचत राहणार होतो, पण विषय निघालाच आहे तर. मनगटावरच्या घड्याळाने मला 'ताल अनियमित' असा इशारा दिला. वय ३४. काहीही त्रास नाही. हा त्या १५४ जणांतला प्रकार समजायचा का?

लीड_टू

बराचसा. पण दुर्लक्ष करू नका.

घड्याळ दोन वेगळी कामं करतं. मागच्या हिरव्या प्रकाशाने नाडीची लय बघत राहतं, इशारा त्यातून येतो. आणि तुम्ही कडेला बोट ठेवून ३० सेकंद थांबलात की एका लीडचा ईसीजी काढतं. पहिल्या प्रकारच्या इशाऱ्यावर ॲपलच्या घड्याळाचा स्टॅनफर्डने केलेला मोठा अभ्यास आहे, २०१९चा. ४,१९,२९७ लोक सहभागी होते, इशारा आला ०.५२ टक्क्यांना, आणि तरुणांत त्याहूनही कमी जणांना. इशारा आलेल्यांना नंतर पॅच पाठवला. ज्यांनी तो लावून परत केला, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत फिब्रिलेशन सापडलं. बाकीच्यांचा इशारा खोटाच होता असं मात्र म्हणता येत नाही. ते येतं आणि जातं, आणि पॅच लावेपर्यंत मध्ये दिवस गेले होते.

तुम्ही एवढं करा : पुन्हा इशारा आला किंवा धडधड जाणवली, तर त्याच वेळी घड्याळावर ३० सेकंदांचा ईसीजी काढा, हात टेबलावर टेकवून, न हलता. त्याची पीडीएफ जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. 'इशारा आला होता' या वाक्यापेक्षा ती पट्टी त्यांना शंभरपट उपयोगी पडते. आणि घड्याळाला अटॅक कळत नाही. एका लीडमध्ये तो दिसेलच असं नाही. छातीत दुखतंय आणि घड्याळ 'सायनस ऱ्हिदम' (नियमित ताल) म्हणतंय, तर घड्याळ काढून ठेवा आणि इस्पितळात जा. तिथेसुद्धा पहिला १२ लीडचा ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी पाठवत नाहीत. पुन्हा पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात.

रेघोट्या

अपडेट. इको झाली. ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) ६० टक्के, सगळ्या भिंती नीट हलतात, झडपा वयाप्रमाणे. इकोआधी तिथल्या टेक्निशियनबाईंनी ईसीजी परत काढला, फटी बोटाने मोजून. (मी बघत होतो, या धाग्यामुळे.) इन्फार्क्टची ओळ गायब. तिच्या जागी 'नॉनस्पेसिफिक टी वेव्ह अबनॉर्मॅलिटी' (टी लाटेत नेमकं कारण सांगता न येणारा बदल) आलंय! डॉक्टरांनी त्यावरही काट मारली. आई हसली, पण कागद घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आहे, मला देत नाही. मलाच आता फोटो काढायची चोरी.

शेवटचा एक प्रश्न. भूलतज्ज्ञांनी जुना एखादा ईसीजी असेल तर आणा म्हणून सांगितलंय. बीपी निघालं तेव्हाचा एक सापडला, पण अक्षरं आणि रेघा जवळजवळ उडाल्या आहेत. नेण्यात अर्थ आहे का?

लीड_टू

इको छान आली, बरं वाटलं.

जुना कागद नक्की न्या. नवा बदल आहे की पहिल्यापासूनच असं आहे, हे तुलनेनेच कळतं. तेव्हाही टी लाटा अशाच चपट्या असतील तर त्या ओळीचा विषयच संपला. रेघा उडाल्या कारण तो थर्मल कागद आहे. ऊन, उष्णता आणि प्लॅस्टिकचे पाऊच यांनी तो पांढरा पडतो. भरपूर उजेडात सपाट ठेवून, वरून सरळ फोटो काढा आणि फोनमध्ये काँट्रास्ट वाढवून बघा, बऱ्याचदा रेघा परत दिसतात. नव्या दोन्ही कागदांची साधी झेरॉक्स आजच काढून घ्या. लॅमिनेशन करू नका, गरम रोलरखाली पूर्ण कागद काळा होतो. एक आजोबा तसा काळा कागद घेऊन आले होते, त्यांचा एकुलता एक जुना ईसीजी. आणि झेरॉक्समध्ये वरची तारीख आणि तळाशी २५ मिलिमीटर सेकंदाला, १० मिलिमीटर मिलिव्होल्टला हे आकडे येतील असं बघा. ते कापले गेले तर तुलना करणाऱ्याला मापच राहत नाही.